चाकाखालचा दगड

इंग्लंडमधलं शेफील्ड हे उतारांचं शहर. सात टेकड्यांवर वसलेलं, असं तिथली माणसं अभिमानानं सांगतात. मुलगा राहतो त्या वॉकली भागात तर दारातून पाऊल बाहेर टाकलं की एकतर चढायचं किंवा उतरायचं. मी अमळनेरची. बोरी नदीच्या काठावरचं आमचं गाव तळहातासारखं सपाट. २०२२ च्या सप्टेंबरात सुनेच्या बाळंतपणासाठी तिकडे गेले तेव्हा थंडीपेक्षा मला त्या रस्त्यांचीच जास्त धास्ती वाटली होती.

एका गोष्टीनं मात्र पहिल्याच आठवड्यात ते शहर जवळचं वाटलं. आपल्या घरातली ताटं, वाट्या, डबे ज्या स्टेनलेस स्टीलचे, ते स्टील १९१३ साली याच शहरात हॅरी ब्रियर्ली यांनी तयार केलं. माझ्या रुखवतातला डब्यांचा संच अजून अमळनेरच्या फळीवर आहे, आणि त्याला गंजाचा ठिपका नाही. इतकी वर्षं वापरूनही ते स्टील कुठून आलं, कुणी शोधलं, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. चांगल्या वस्तूला कुणी गाव विचारत नाही.

नातू ऑक्टोबरात झाला. त्याची बाबागाडी मुलानं ऑगस्टमध्येच घेऊन ठेवली होती. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावानं काही आणू नये ही आपली रीत. पण दुकानात सवलत चालू होती, आणि नंतर धावपळ नको म्हणून त्यानं घेतली. १८० पौंड. तेव्हाचे सतरा-अठरा हजार रुपये. गाडी तीन महिने खोक्यातच राहिली. नोव्हेंबर संपत आला, बाळानं मान धरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मी त्याला लपेटून बाहेर न्यायला लागले.

चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. बसथांब्यावर उभी होते. गाडीचा ब्रेक मागच्या चाकांच्या मध्ये, पायानं दाबायचा. मी दाबला, तो खाली बसला, आणि मी पिशवीतून हातमोजे काढायला वळले. मागे ‘कट्’ असा बारीक आवाज आला. वळून बघते तर गाडी हातभर पुढे सरकलेली. मी झडप घातली, दांडा हातात आला. नातू झोपलेलाच होता. त्याला काही कळलं नाही. माझे हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते.

मी घरात कुणाला बोलले नाही. परसातल्या दगडी भिंतीचा एक चपटा तुकडा निसटलेला होता, तो उचलला आणि गाडीखालच्या जाळीत ठेवून दिला. थांबलं की ब्रेक दाबायचा आणि चाकाखाली दगड लावायचा. लहानपणी उतारावर बैलगाडी सोडताना वडील हेच करायचे. आधी दगड, मग बैल मोकळे. दहा-बारा दिवस मी तसंच केलं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला काही वावगं वाटलं नाही. वस्तू बिघडली की आपण तिच्याशी जुळवून घेतो. मिक्सरचं झाकण हातानं दाबून धरायचं, पंख्याला काडीनं ढकलून सुरू करायचं, कुकरच्या कडीला सुतळी बांधायची. घरातल्या बायकांचा निम्मा हुन्नर अशा जुळवून घेण्यातच जातो.

दगड सुनेला सापडला. जाळीत दुधाची पिशवी ठेवायला गेली आणि तिनं तो बाहेर काढला.

“आई, हे काय?”

मी सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “आई, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ब्रेक लागत नसेल तर ती दुकानाची चूक आहे. तुम्ही का दगड उचलायचा?”

मुलगा संध्याकाळी आला. त्याचं म्हणणं निराळं होतं. “आई, सवलतीत घेतलेली आहे, तीन महिने होऊन गेलेत, पावतीचा कागद सापडत नाही. आणि इथं आपण बाहेरची माणसं. कशाला वाद घालायचा? दुसरी घेऊ.” त्याच्या आवाजात कंजुषी नव्हती. भीड होती. ती मी ओळखते, कारण ती त्यानं आमच्याच घरातून नेली आहे. पाहुण्यानं जेवताना मीठ कमी आहे म्हणू नये, तशी ही भीड. परक्या देशात राहणाऱ्या आपल्या मुलांना ती जन्मभर पाहुणं करून ठेवते. घर घेतात, कर भरतात, आणि दुकानात मात्र पाहुण्यासारखी उभी राहतात.

त्या रात्री सुनेनं बाळाला पाजता पाजता फोनवर सगळा कायदा वाचून काढला, आणि मला मराठीत समजावून सांगितला. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून ‘कन्झ्युमर राइट्स ॲक्ट’ लागू आहे. विकलेली वस्तू समाधानकारक दर्जाची हवी, ज्या कामासाठी घेतली त्या कामाला लायक हवी, आणि जशी सांगितली तशी हवी. यातलं काही चुकलं तर पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. हे ३० दिवस वस्तू ताब्यात आल्यापासून मोजतात, वापरायला काढल्यापासून नाही. म्हणजे आमचे ते खोक्यातच संपले होते. पण हक्क तिथे संपत नाही. ३० दिवसांनंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते. एकच. तेवढ्यानं दोष गेला नाही तर ग्राहक वस्तू परत करून पैसे मागू शकतो, किंवा वस्तू ठेवून किंमत कमी करून घेऊ शकतो. सवलतीत घेतलेल्या वस्तूलाही हे सगळं लागू. पावतीचा कागद नसला तरी बँकेच्या खात्यातली नोंद खरेदीचा पुरावा म्हणून चालते. आणि कायदा नागरिकत्व विचारत नाही. पैसे दिले, वस्तू घेतली, करार झाला.

या सगळ्यात एक वाक्य ऐकून मी तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो वस्तू हातात आली तेव्हापासूनच होता, असं कायदा धरून चालतो. नव्हता म्हणायचं असेल तर ते दुकानदारानं सिद्ध करायचं.

मला त्या क्षणी आमचं धार रस्त्याकडचं शेत दिसलं. ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी सून आणि मी दुकानात गेलो. काउंटरवरची बाई बोलायला फार गोड. त्या भागात अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणायची पद्धत आहे, आपल्याकडे खान्देशात कुणालाही ‘भो’ म्हणतात तशी. तिनं गाडी पाहिली, ब्रेक दाबून पाहिला. दुकानाच्या सपाट फरशीवर तो नीट बसला. मग ती म्हणाली, ३० दिवस होऊन गेले, आता तुम्ही बनवणाऱ्या कंपनीला लिहा. आम्ही निमूट बाहेर आलो. फाटकापाशी येऊन सून म्हणाली, “आई, आपण कंपनीकडून घेतलीच नाही. दुकानाकडून घेतली. उत्तर दुकानानंच द्यायला हवं.” कायद्यातही तेच आहे. करार विकणाऱ्याशी असतो. कंपनीची गॅरंटी ही त्यावरची जादा गोष्ट, हक्काच्या जागी ती बसत नाही. हे काउंटरवरच्या माणसांना बरेचदा माहीत नसतं, किंवा सवयीनं ग्राहकाला पुढच्या दारात पाठवलं जातं. तुम्ही तिकडे असाल तर हे वाक्य पाठ करून ठेवा. वाद न घालता, शांतपणे म्हणा.

मग आम्ही पत्र लिहायला बसलो. मी सांगायचं, तिनं इंग्रजीत उतरवायचं.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. नववी-दहावीच्या पत्रलेखनात तक्रारपत्र असतंच, आणि ‘सदोष वस्तू मिळाल्याबद्दल दुकानदारास पत्र लिहा’ हा विषय तर वर्षाआड यायचा. दिनांक, प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपला विश्वासू. शेकडो पोरांची ही पत्रं मी तपासली असतील. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचा शेवट एकच असायचा: ‘तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’ मीच शिकवलेला शेवट तो. मी नकळत तेच सांगितलं. सुनेनं लिहायचं थांबून विचारलं, “पण आई, आपल्याला नक्की काय हवंय?”

मला उत्तर देता येईना. ब्रेक दुरुस्त हवा होता? नवी गाडी हवी होती? पैसे? मी इतकी वर्षं मुलांना तक्रार कशी मांडायची ते शिकवलं. पण मागणी समोरच्याच्या हाती सोपवून मोकळं व्हायला शिकवलं. ‘योग्य ती’ म्हणजे कोणती, हे त्यानं ठरवायचं. ज्यानं नुकसान केलं त्यालाच भरपाई ठरवायला सांगणारं पत्र. आणि ही फक्त परीक्षेतली गोष्ट नाही. ग्रामपंचायतीला, वीज कार्यालयाला, तहसीलला आपली माणसं जे अर्ज देतात, ते सगळे याच ओळीवर संपतात.

शेवटी पत्र झालं ते असं. गाडी कोणती, कधी घेतली, किती पैसे, कोणत्या कार्डानं. कोणत्या तारखेला, कोणत्या रस्त्यावर ब्रेक सुटला, आणि त्यानंतर किती वेळा. सोबत मुलानं उतारावर काढलेलं चित्रीकरण. पिठाची पिशवी ठेवून, बाळ न ठेवता. मग कायद्याचं नाव. मग मागणी: १४ दिवसांच्या आत, आमच्या खर्चाशिवाय, ब्रेक दुरुस्त करून द्या किंवा गाडी बदलून द्या. नम्रपणा कुठेही सुटला नाही, पण ‘विनंती’ हा शब्दही कुठे नव्हता.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी गाडी नेली, ब्रेकचा भाग बदलून जानेवारीच्या सुरुवातीला परत दिली. तीन आठवडे नीट चालली. मग पुन्हा तोच ‘कट्’. या वेळी मी दगड शोधला नाही. बाळाला उचललं, गाडी दुमडली आणि घरी येऊन सुनेला म्हटलं, “आता पैसे.”

दुरुस्तीची एक संधी देऊन झाली होती. दुकानानं आधी तेवढ्या रकमेचं व्हाउचर देऊ केलं. सुनेनं कळवलं, पैसे ज्या कार्डातून गेले त्याच कार्डावर परत हवेत. पहिल्या सहा महिन्यांत वस्तू परत दिली तर ‘इतके दिवस वापरली’ म्हणून दुकानाला रक्कम कापता येत नाही. मोटारीचा अपवाद सोडला तर. तेही पत्रात लिहिलं. आणखी एक ओळ लिहिली: खरेदी क्रेडिट कार्डावर झाली आहे. तिथल्या १९७४ च्या एका कायद्याच्या ७५ व्या कलमात अशी सोय आहे की, १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डानं घेतली असेल, तर दुकानाइतकीच कार्ड देणारी संस्थाही जबाबदार. दुकान बुडालं तरी ग्राहक बुडत नाही. ते पाऊल उचलायची वेळ आली नाही. १४ दिवसांच्या आत १८० पौंड परत आले, पूर्ण.

पैसे आल्यावर मुलाला वाटलं, विषय संपला. सुनेनं तरीही ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेच्या ग्राहक मदत क्रमांकावर फोन लावला. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात, सप्टेंबर १९३९ मध्ये, या संस्थेची पहिली केंद्रं उघडली होती. तिथे दिलेली माहिती बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडेही जाते. ती फोनवर एवढंच म्हणाली की आमचं बाळ बचावलं, पण याच नमुन्याच्या गाडीत दुसरं कुणाचं तरी बाळ असेल. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. तक्रार स्वतःसाठी करून झाल्यावर परक्या बाळासाठी ती पुन्हा करणारी माझी सून त्या दिवशी मला फार मोठी वाटली.

मार्चमध्ये परतले. मुंबईच्या विमानतळावर सामान आलं तेव्हा मोठ्या बॅगेचं एक चाक मुळासकट तुटलेलं. हे मला घ्यायला आले होते. “चल लवकर, गाडी निघून जाईल, बॅग काय, दाणा बाजारातून दुसरी आणू,” म्हणाले. मी बाहेर पडण्याआधी सामानाच्या खिडकीवर थांबून लेखी तक्रार दिली आणि तिची प्रत घेतली. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडलं तर ते हाती आल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. माँट्रियल करारात तसं आहे आणि भारतही त्यात सामील आहे. नंतर बोललेलं कुणी धरत नाही. आपली गाडी खरंच चुकली. पुढच्या गाडीनं आलो.

जाता जाता हेही सांगून टाकते, कारण परत येणाऱ्याकडे सगळी भावकी काहीतरी मागवते. तिकडून आणलेल्या वस्तूची कंपनीची गॅरंटी पुष्कळदा त्याच देशापुरती असते, घेण्याआधी विचारावं. आणि अमेरिकेतून आणलेलं यंत्र १२० व्होल्टवर चालणारं असेल तर ते आपल्या २३० व्होल्टला लावल्याबरोबर जळेल, तो दोष वस्तूचा नव्हे. इंग्लंडच्या यंत्राला ती भीती नाही, फक्त पिना वेगळ्या.

आता शेताची गोष्ट.

२०११ च्या खरिपात आम्ही घरच्या शेतात कापूस टोबला आणि तो उगवलाच नाही. आठ दिवसांनी ओळीच्या ओळी मोकळ्या. नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरायच्या म्हटलं तरी भरायला आजूबाजूला झाड हवं ना. थोरले दीर बांधावर उभे राहून म्हणाले, “बी उनंच नही. आते काय करानं?” ह्यांनी विचारलं, पाकिटं कुठे आहेत. तर, “पिशोडी त फेकी दिनी.” पावती सालदाराच्या खिशात होती, ती सदऱ्यासोबत धुतली गेली. दुकानात गेलो तर ऐकून घ्यावं लागलं की पाऊस लांबला असेल, बी खोल गेलं असेल, जमीनच तशी असेल. दुकानदार ओळखीचा, पोरीच्या लग्नाला आलेला. त्यानं चहा पाजला. दीर म्हणाले, “जाऊ द्या. कोन करी कोर्टकचेरी?” आणि आम्ही व्याजानं पैसे काढून दुबार पेरणी केली.

त्या ओळखीच्या व्यवहाराला मी वाईट म्हणत नाही. आमच्याकडे साडीचा रंग गेला तर कापडवाला ती बदलून देतो, कारण त्याला माझ्या सासऱ्यांचं नाव माहीत आहे. जळगावच्या सराफ्यात लांबलांबून माणसं सोनं घ्यायला येतात, ती पिढ्यांच्या विश्वासावरच. पण ओळख जिथवर पोचते तिथवरच हा न्याय पोचतो. आदिवासी पाड्यावरून चोपड्याच्या बाजारात आलेल्या माणसाला कोण ओळखतं? आणि ओळखीचा दुकानदार साडी बदलून देईल. हंगाम कुठून बदलून देणार?

कायदा आपल्याकडेही आहे, आणि तो फार जुना आहे. १९३० चा माल विक्री कायदा इंग्रजांच्याच १८९३ च्या कायद्यावर बेतलेला. माल सांगितलेल्या कामाला लायक हवा, ही अट त्यात तेव्हापासून आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ च्या २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलांची भाषणं व्हायची, मीच लिहून द्यायचे. आता २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून चालू आहे. त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी हैदराबादची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ अजून कितीतरी पावत्यांवर छापलेली दिसते. पण पावतीवर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या क्रमांकावर फोन केला तर तिथे मराठीत बोलता येतं.

आणि शेतकरीही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट केलं. बियाणं कंपन्यांचं म्हणणं होतं की शेतकरी धंद्यासाठी बी घेतो, म्हणून तो ग्राहक नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. तपासणीसाठी शेतकऱ्यानं मूठभर बी राखून ठेवलं पाहिजे होतं, अशी अपेक्षाही धरता येणार नाही, असं म्हटलं. ज्यानं विश्वासानं सगळं पेरलं, त्याला ‘थोडं ठेवलं का नाही’ असं कसं विचारायचं? मला हा निकाल वाचून रडू आलं होतं. आमची ती दुबार पेरणी निकालाच्या आदल्याच वर्षातली.

२०२३ च्या जूनमध्ये पुतण्यानं तीन एकरांत ठिबकवर कापूस लावला. सहा पाकिटं, प्रत्येकी ८५३ रुपये. चार एका लॉटची, दोन दुसऱ्या लॉटची. आठव्या दिवशी तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. “काकू, चार पाकिटांचं बी आलंच नाही. दोन पाकिटांचं छान आलंय.”

मी पहिला प्रश्न केला, पाकिटं कुठे आहेत?

उकिरड्यावर होती. आम्ही दोघांनी बॅटरी घेऊन ती शोधली. चारही सापडली, एकावर टॅग अर्धा फाटलेला, पण लॉट क्रमांक वाचता येत होता, आणि उगवण क्षमता किमान ७५ टक्के हेही. पावती त्याच्या फोनच्या कव्हरात घडी घालून ठेवलेली. एका पाकिटाच्या तळाशी सात-आठ सरक्या चिकटून राहिल्या होत्या, त्या मी कागदाच्या पुडीत बांधल्या. सकाळी उजाडताच फोटो काढले: एका वाफ्यात कोंब, शेजारच्या वाफ्यात माती. ठिबकची नळी दोन्हीकडे सारखी ओली. पाऊस लांबला, हे उत्तर या वेळी चालणार नव्हतं.

मग पत्र. कृषी विभागाच्या तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला एक, दुकानदाराला एक, कंपनीला एक. पुतण्यानं शेवटी सवयीनं लिहिलं, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी.’ मी ती ओळ खोडली. “नक्की काय हवंय ते लिही.” त्यानं पेन टेकवून बराच वेळ विचार केला. मग लिहिलं: बियाण्याचे ३,४१२ रुपये, मजुरी, खत, आणि दोन एकरांतला हंगाम गेला त्याची भरपाई. आकडा मांडताना त्याचा हात अडखळत होता. एवढं मागावं का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी काही बोलले नाही, त्याला लिहू दिलं.

समितीची माणसं आली. ओळी मोजल्या, शंभर ठिकाणी टोबलेल्यांत किती उगवलं ते लिहिलं, दोन्ही लॉट वेगवेगळे नोंदवले, पंचनामा केला. पंचनाम्याची प्रत मी तिथेच मागून घेतली. दुकानदारानं चार नवी पाकिटं पुढे केली, “घ्या काकू, मिटवून टाका.” पुतण्यानं पाकिटं घेतली, कारण जमीन पडीक ठेवायची नव्हती, पण ‘तक्रार मिटली’ या कागदावर सही केली नाही. तेव्हा दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याचं मला वाईट वाटलं. बी काही त्यानं बनवलं नव्हतं. पण पैसे त्याच्या गल्ल्यात गेले होते, आणि त्याच्यामागे कंपनी आहे. आमच्यामागे कोण आहे?

जळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितलेत, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांना तारखा लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, गावभर मांडव होते, तेव्हा एक तारीख होऊन गेली होती. दिवाळीनंतर आणखी एक झाली. कंपनीचा वकील दर वेळी तेच म्हणतो: हवामान, जमीन, पद्धत. प्रत्येक मुद्दा खोडायचं ओझं आमच्यावर. तेव्हा मला शेफील्डचं ते वाक्य आठवतं, सहा महिन्यांचं. बाबागाडीसाठी तिथल्या कायद्यानं माझ्या बाजूनं गृहीत धरलं की दोष आधीपासूनच होता. ज्या बियाण्यावर घरचं वर्ष उभं असतं, त्याच्यासाठी असं गृहीत धरणारी ओळ आपल्या कायद्यात का असू नये? टॅगवर ७५ टक्के छापलंय ना. मग उगवण कमी भरली तर कारण कंपनीनं सांगावं आणि पटवावं. ही मागणी मी प्रत्येक ठिकाणी मांडते. महिला मंडळात मांडली, कृषी मेळाव्यात मांडली, इथे लिहिते आहे.

निकाल अजून लागायचा आहे. पुढची तारीख पेरणीनंतरची आहे.

थोरले दीर या सगळ्यात कधी पडले नाहीत. जळगावला जायचं म्हटलं की ते गोठ्याकडे निघून जायचे. त्यांच्या पिढीच्या रीतीप्रमाणे ते माझ्याशी थेट बोलतही नाहीत. यंदा रोहिणी लागल्यावर बियाणं घरात आलं, आणि पुढच्या आठवड्यात टोबणी झाली. दुपारी मी ओट्यावर आले तेव्हा ते नुकतेच शेतातून येऊन पाय धूत होते. ओट्याच्या कडेला सहा रिकामी पाकिटं एकावर एक ठेवलेली. वरून फाडलेली नव्हती. सगळी खालच्या बाजूनं नीट कापलेली, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो. सर्वांत वर पावती, तिच्याशेजारी चिंधीत बांधलेलं चिमूटभर बी. वारा जोराचा होता, म्हणून त्यावर त्यांनी एक दगड ठेवला होता.